डिगॉक्सिन ५.६ आलं म्हणजे १३ गोळ्या दिल्या, हे गणित साक्षीत टिकतं का?

सातरस्ता_फार्म:
सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात बचाव पक्षातर्फे तज्ज्ञ साक्षीदार म्हणून समन्स आहे. शिक्षण एम.फार्म., फार्माकॉलॉजी. मृत पुरुष, वय ७२, वजन ६० किलो, हार्ट फेल्युअर. हृदयाचं औषध डिगॉक्सिन, ०.२५ मि.ग्रॅ.ची गोळी रोज एक. शवविच्छेदन मृत्यूनंतर २० तासांनी, रक्त हृदयातून घेतलेलं. इम्युनोअसेवर (अँटिबॉडीने औषध ओळखणारी चाचणी) डिगॉक्सिन ५.६ नॅनोग्रॅम प्रति मिली. सांभाळणाऱ्यावर आरोप आहे की १३-१४ गोळ्या एकदम दिल्या. हा आकडा कुठून आला असेल, आणि मी अहवालात काय लिहावं?

विषशास्त्र_होटगीरोड:
कुठून आला ते सोपं आहे. डिगॉक्सिनचं व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्युशन, म्हणजे रक्तातल्या पातळीवरून शरीरातलं एकूण औषध काढायचं माप, किलोला साधारण ७ लिटर, म्हणजे ६० किलोला ४२०. त्याला ५.६ ने गुणलं की २,३५२ मायक्रोग्रॅम. गोळीतलं ७० टक्केच रक्तात येतं असं धरून ०.७ ने भागा, ३.३६ मि.ग्रॅ. येतात. झाल्या साडेतेरा गोळ्या.

गुणाकार बरोबर, पण तो जिवंत माणसाच्या रक्ताचा. हृदयाच्या स्नायूत डिगॉक्सिन रक्ताच्या कितीतरी पट साठलेलं असतं आणि मृत्यूनंतर ते पाझरून हृदयाच्या कप्प्यांतल्या रक्तात उतरतं. २० तासांत भरपूर उतरतं. म्हणूनच रक्त मांडीच्या फिमोरल शिरेतून घ्यायचं असतं, सोबत व्हिट्रियस, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा द्रव. मांडीच्या रक्तातही आकडा थोडा चढतोच, पण हृदयाइतका नाही. व्हिट्रियस ठेवलंय का, हे शवविच्छेदनाच्या नोंदीत आधी बघा. मृत्यूनंतरच्या रक्तातल्या पोटॅशियमवर मात्र काही बांधू नका, ते पेशींतून बाहेर येऊन वाढतंच.

मृत्यूपूर्वीचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) किती होतं? आणि शेवटच्या दोन आठवड्यांत कोणती नवी औषधं सुरू झाली?

सातरस्ता_फार्म:
क्रिएटिनिन २.४. छातीत कफ म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, ५ दिवस झाले होते.

विषशास्त्र_होटगीरोड:
मग खरं प्रकरण इथं आहे. मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त साफ करतं (क्रिएटिनिन क्लिअरन्स) ते कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने: (१४० − ७२) × ६० ÷ (७२ × २.४) = मिनिटाला सुमारे २४ मिली. हार्ट फेल्युअरमध्ये डिगॉक्सिनचं क्लिअरन्स मिनिटाला किलोमागे ०.३३ मिली, अधिक क्रिएटिनिन क्लिअरन्सच्या ०.९ पट. बेरीज मिनिटाला ४१ मिली, दिवसाला ५९ लिटर. रोजच्या एका गोळीतून रक्तात जातात १७५ मायक्रोग्रॅम. १७५ ÷ ५९ = सुमारे ३ नॅनोग्रॅम प्रति मिली. एकही जादा गोळी न देता! हार्ट फेल्युअरमध्ये पातळी ०.५ ते ०.९ च हवी असते. त्यावर क्लॅरिथ्रोमायसिन: ते पी-ग्लायकोप्रोटीन, म्हणजे औषध पेशींबाहेर टाकणारं प्रथिन, अडवतं, डिगॉक्सिन बाहेर पडेनासं होतं. त्यावर मृत्यूनंतरचा चढ.

अट एकच. इतक्या मंद मूत्रपिंडात हाफ लाइफ (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) पाचेक दिवसांचा होतो, त्यामुळे गोळी सुरू होऊन महिना तरी झालेला हवा. औषध दुकानाची बिलं मागवा.

आणि ‘५.६ हे नेहमीच्या डोसशी सुसंगत असू शकतं’ एवढंच लिहा. ‘गोळ्या दिल्याच नाहीत’ असं लिहिलंत की उलटतपासात पहिल्या पाच मिनिटांत सापडाल.

नवीपेठ_वकील:
कायद्याचं थोडक्यात. सरकारी रासायनिक विश्लेषकाचा सी.ए. रिपोर्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली (जुनं २९३) साक्षीशिवाय वाचता येतो. तुमचा अहवाल त्यात बसत नाही, पिंजऱ्यात उभं राहूनच तो शाबीत करावा लागेल. तज्ज्ञाचं मत म्हणून तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली येतो. सी.ए.ला बोलवायची मागणी आपल्या वकिलांना वेळेत करायला सांगा.

शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात, १९८४, सर्वोच्च न्यायालयाने विषप्रयोगाच्या खुनात चार गोष्टी पाहायला सांगितल्या: हेतू, मृत्यू विषानेच झाला का, विष आरोपीकडे होतं का, ते देण्याची संधी होती का. तुमचा संबंध फक्त दुसऱ्या गोष्टीशी, तोही अर्धा. मृत्यूचं कारण डॉक्टर सांगतील. फार्मासिस्टने त्यात पाय घातला की त्याचं बाकीचंही मत पातळ होतं.

बिट्टी_बार्शीरोड:
पद्धत फक्त इम्युनोअसे असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. ती डिगॉक्सिनलाच ओळखते असं नाही. पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, तिच्या बियांतले ग्लायकोसाइड्स, म्हणजे डिगॉक्सिनच्या जातीची विषं, हेही त्यात आकडा देतात. सोलापुरात कुंपणाला ही झाडं काय कमी आहेत? मूत्रपिंड निकामी असलेल्यांच्या रक्तात काहीही न घेता डिगॉक्सिनसारखे पदार्थ सापडतात, ते वेगळंच. एलसी-एमएसवर (प्रत्येक रसायन वेगळं ओळखणारी पद्धत) फेरतपासणी झाली का आणि जठरातल्या द्रवात बियांचे तुकडे दिसले का, हे विचारा. बिट्टीचा मुद्दा तुमच्या बाजूने जाईलच असं नाही, हे वकिलांना आधीच सांगून ठेवा.

विषशास्त्र_होटगीरोड:
हे बरोबर. एक राहिलं: साक्ष मराठीत टाइप होते. सही करण्याआधी प्रत्येक एकक वाचा. नॅनोग्रॅमचं मिलिग्रॅम झालं तर आकडा १० लाख पटींनी फुगतो. कागदात नॅनोमोल दिसलं तर १ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे लिटरला १.२८ नॅनोमोल.