रेसची तयारी आणि घरचं वेळापत्रक: तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती

मॅरेथॉनच्या कुठल्याही ट्रेनिंग प्लॅनमध्ये आठवड्याचे सात चौकोन असतात. सोमवारी आराम, मंगळवारी इंटरव्हल (मध्ये थांबत जोराचे तुकडे), गुरुवारी टेम्पो (सलग जोराचा रन), रविवारी लाँग रन. त्या चौकोनांत मुलाचा ताप कुठेच नसतो. पालकसभा नसते, जोडीदाराची ऑफिसातली धावपळ नसते. प्लॅन आखणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याने फक्त पायांचा विचार केलेला असतो. या धाग्यावर आपण घराचा करू या.

मॅरेथॉन, ट्रायथलॉन, लांब पल्ल्याचं सायकलिंग, अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब धावणं), काहीही चालेल. घरात कोण कोण आहे ते लिहा, आणि सरावाचे तास नेमके कुठून आणि कोणाकडून काढलेत ते मोकळेपणाने लिहा. "इच्छा असली की वेळ मिळतोच" एवढं एक वाक्य मात्र नको. तो वेळ घरातलं कोणीतरी देत असतं, आणि त्या माणसाचा उल्लेख सहसा राहून जातो.

सुरुवात माझ्यापासून. थोरली शाळेत, धाकटा अजून लहान, नवऱ्याची नोकरी फिरतीची. माझ्या वेगाने ३० किलोमीटरला साडेतीन तास लागतात, पण घरच्यांना ते अख्ख्या दिवसाला पडतात. शनिवारी रात्री मी नऊलाच आडवी, म्हणजे कुठे जाणं-येणं बंद. रविवारी परत आल्यावर अंघोळ, भूक, मग डोळे मिटायला लागतात, आणि दुपारी कोणी काही विचारलं की मी खेकसते. आता मी लाँग रन तीन तासांवर थांबवते, अंतर कितीही भरो. हळू धावणाऱ्यांना बरेच प्रशिक्षक तसंही हेच सांगतात, कारण त्यापुढे फायदा फारसा वाढत नाही आणि पायांची झीज मात्र वाढते. उरलेली कसर बुधवारच्या मध्यम लांबीच्या रनमध्ये भरून काढते.

पहाटेचं तंत्र सगळ्यांना ठाऊक असेलच. कपडे आदल्या रात्री बाथरूममध्ये, घड्याळाचा बीप बंद, लॅच लावताना दाराला बाहेरून गुडघा. आमच्याकडे एक जादा कलम आहे. मोबाइलच्या आर्मबँडचं वेल्क्रो चर्रकन ओढलं की धाकटा टुणकन उठून बसतो. त्यामुळे ते जिना उतरल्यावरच.

अर्धा लोखंडी

पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं, कट-ऑफ, म्हणजे संपवायची मुदत, साधारण १७ तास. घरात रांगतं मूल असताना तो विषय मी काढलाच नाही. त्याच्या बरोबर निम्मं, १.९, ९० आणि २१.१, एवढंच धरलं.

आमच्यात सायकल सगळ्यात सोपी ठरली, कारण ती घरात आली. इनडोअर ट्रेनरवर सिग्नल नाही, उतार नाही, पाय मोकळे सोडून आराम करायला मिळत नाही. त्यामुळे तिथला एक तास रस्त्यावरच्या सव्वा-दीड तासाला भारी पडतो. मूल झोपलं की मी हॅन्डलबारला बेबी मॉनिटर अडकवून बसतो. इंटरव्हलच्या ऐन मध्यात त्या पडद्यावर एक हात वर येतो, कूस बदलते, आणि माझं हार्ट रेट पेडलपेक्षा त्यानेच वाढतं. मागचं चाक काढून बसवायचा, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर घेतलात तर आवाज कमी होतो. खरा त्रास जमिनीतून जाणाऱ्या कंपनांचा असतो. खाली जाड रबरी मॅट घाला, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वर येतील.

पोहणं अवघड, कारण पूलच्या वेळा आपल्या हातात नसतात. मी जेवणाच्या सुट्टीत जातो आणि डेस्कवर जेवतो. ज्या आठवड्यात पूल जमत नाही त्या आठवड्यात दाराच्या कडीला रबरी दोऱ्या बांधून हात ओढायचे. पाण्याची सर त्याला नाही, पण खांदे गंजत नाहीत. सायकलला लागूनच धावायची ब्रिक सेशन घरच्या दृष्टीने फार सोयीची, एकदाच घाम, एकदाच अंघोळ. लोक ती उगाच लांबवतात. सायकलवरून उतरल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं पाय परके वाटतात, त्याचीच तर सवय करायची असते.

न धावणारी

मी या धाग्यावर आगंतुक आहे. मी धावत नाही, माझा नवरा वरच्या त्या 'पूर्ण' प्रकारातला आहे. धागाकर्तीने देणाऱ्याचा उल्लेख केला म्हणून लिहितेय.

पहिल्या वर्षी मला कोणी काही विचारलंच नव्हतं. नोंदणी झाल्याचा ईमेल दाखवला आणि "बघ, जागा मिळाली!" शनिवारी पहाटे सायकल घेऊन जायचा तो दुपारी यायचा. आल्यावर बैठकीच्या खोलीत जमिनीवर पडून पाय भिंतीला लावायचा आणि मुलं त्याच्यावरून उड्या मारत जायची. घरी होता म्हणावं तर होता. बाजार, कपडे, मुलीचा क्लास, मुलाचा दात, सगळं माझ्याकडे. बाहेर मात्र सगळे मला विचारणार, "किती शिस्त आहे हो यांना, तुम्हाला अभिमान वाटत असेल ना?" अभिमान वाटतोच. झोपही येते.

आमचं भांडण झालं ते शनिवारवरून झालं नाही. झालं ते एका मंगळवारी. मी आजारी होते आणि तो म्हणाला, "एक तासात येतो, आज इंटरव्हल चुकवून चालणार नाही." मी तापात हिशोब काढला. त्याच्या आठवड्यातले सरावाचे बारा तास, त्यात जाणं-येणं, सायकल पुसणं, स्ट्रेचिंग, आणि मोबाइलवर ते आलेख बघत बसणं. माझे स्वतःचे तास मोजायला घेतले तर केस धुवायची वेळ धरावी की नाही, इथपासून प्रश्न.

आता आमच्याकडे तीन गोष्टी ठरल्या आहेत. वर्षात मोठी रेस एकच, आणि नोंदणीचे पैसे भरण्याआधी दोघांनी कॅलेंडर उघडायचं. सराव सर्वाधिक असतो त्या शेवटच्या दोन महिन्यांत परीक्षा, लग्न, माझी ऑफिसची गर्दी यातलं काही येत असेल तर ती रेस नाही. आणि जेवढे तास तो बाहेर, तेवढे तास मी बाहेर. मी त्या वेळात काय करते हे विचारायचं नाही. बऱ्याचदा मी गाडीत बसून काहीच करत नाही.

अर्धा लोखंडी

आलेख बघत बसणं धरायचं असेल तर माझे तास दीडपट होतील. बायकोला हा धागा दाखवणार नाही.

न धावणारी

तिनेच मला या धाग्याची लिंक पाठवली नसेल कशावरून?

उशिराची आई

मला बाळंतपणानंतरच्या काळाबद्दल लिहायचंय, कारण प्लॅनमध्ये हा चौकोन तर अजिबातच नसतो. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी बाळंतपणानंतर धावायला परतण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत निदान तीन महिने थांबा असं म्हटलंय, आणि तेही ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासून, आधी चालून, एका पायावर तोल सांभाळून, उड्या मारून बघून. धावताना लघवी गळणं, खाली जड वाटणं ही 'आई झाल्यावर होतंच' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. त्यावर उपचार असतात. मला हे डॉक्टरांनी आपणहून सांगितलं नाही, मी विचारल्यावर सांगितलं. म्हणून इथे लिहून ठेवते.

लोक लगेच जास्मिन पॅरिसचं उदाहरण फेकतात. २०१९ च्या जानेवारीत तिने ब्रिटनमधल्या पेनाइन वे या डोंगरवाटेवरची २६८ मैलांची स्पाइन रेस ८३ तासांत जिंकली, पुरुषांसकट सगळ्यांना मागे टाकून, आणि वाटेतल्या थांब्यांवर चौदा महिन्यांच्या मुलीसाठी दूध काढत. मला ती अफाट आवडते. पण ती आधीपासून डोंगरांत धावणारी कसलेली खेळाडू होती, आणि बाळ चौदा महिन्यांचं होतं, चौदा आठवड्यांचं नव्हतं. "ती करते, मग तू का नाही?" असं मला तीन तासांच्या तुटक झोपेनंतर कोणी म्हटलं, की मी ज्या शब्दांत उत्तर देते ते इथे चालणार नाहीत.

व्यवहाराचं सांगायचं तर पाजून झाल्याबरोबर निघायचं, छाती हलकी असते आणि हातात साधारण दोन तास असतात. घट्ट स्पोर्ट्स ब्रा घरी येताच काढायची, नाहीतर दुधाच्या गाठी होतात. अंतराचं लक्ष्य ठेवू नका, मिनिटांचं ठेवा. रडण्याचा फोन आला की वळायचं, आणि वळलेला रन पूर्ण धरायचा.

रात्रपाळी

वॉर्डात काम करते, पाळ्या फिरत्या, मुलगा दहावीला.

सगळीकडे ८०-२० चा मंत्र ऐकू येतो. स्टीफन सायलर या अभ्यासकाला अव्वल खेळाडूंमध्ये दिसलं, की त्यांची साधारण ८० टक्के सेशन्स सावकाश असतात. ते खेळाडू आठवड्याला दहा-बारा सेशन्स करतात. आमच्यासारखी चार करणाऱ्यांनी त्याचा अर्थ एवढाच घ्यावा, की जोराचं सेशन एक, बाकी गप्पा मारता येतील इतकं हळू. रात्रपाळी उतरल्यावर जोराचं सेशन कधीच नाही, मग प्लॅनमध्ये काही का लिहिलेलं असेना. झोप झालेली नसेल तर इझी, अंगात ताप असेल तर काहीच नाही. एखादा आठवडा बुडाला तर फिटनेस वाहून जात नाही, फरक जाणवायला साधारण दोन आठवडे लागतात. बुडालेले रन पुढच्या आठवड्यात कोंबायचे नाहीत. दुखापतींचा उगम बहुतेक तिथेच.

मुलगा अभ्यास करत असतो तेव्हा मी शेजारच्या खोलीत स्क्वॉट मारते. दोघांनाही एकमेकांचा धाक वाटतो.

दोन चाकं

मुलं नाहीत, पण घरात वडील अंथरुणाला खिळलेले. 'फॅमिली लाइफ' म्हटलं की सगळे लहान मुलांवरच बोलतात, म्हणून हे.

मी ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तासांची मुदत. अंतरापेक्षा मला त्यातल्या रात्री मोजाव्या लागतात. २०० एका दिवसात उरकतं, दिवसाची मदतनीस पुरते. ३०० ला रात्रीचा तुकडा येतो, तिथे बहीण येऊन राहते. ४०० पासून अख्खी रात्र बाहेर, वडिलांना दर थोड्या तासांनी कुशीवर वळवावं लागतं, आणि ते काम बहिणीच्या पाठीला झेपत नाही. त्यामुळे तूर्तास ३०० वर गाडी थांबली आहे. चार वर्षांनी एकदा होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या मोठ्या ब्रेव्हेसाठी २०० ते ६०० ची सगळी मालिका लागते, ते गणित मी सध्या मांडत नाही.

सरावासाठी वेगळा वेळ काढत नाही, ऑफिसला सायकलनेच जातो आणि येताना लांबचा रस्ता धरतो. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणी थांब्यावर, कार्डावर शिक्का घेतला की आधी घरी फोन. बहीण "सगळं ठीक" म्हणते तेव्हा मागे वडिलांचा खोकला ऐकू येतो का, तो ओला आहे की कोरडा, याकडे माझे कान असतात. तो कोरडा असेल तरच पुढचा टप्पा. एकदा ओला वाटला, तेव्हा टॅक्सीत सायकल टाकून परत आलो. निकालात डीएनएफ (राइड अपूर्ण) लागलं, त्याचं काही वाटलं नाही. बहिणीला मात्र वाटलं, की मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. हे प्रकरण अजून आमच्यात मिटलेलं नाही.

धागाकर्ती

दोन चाकं, बहिणीला एकदा बाहेर पाठवा आणि वडिलांपाशी तुम्ही थांबा. म्हणजे तिला निदान एक दिवस तरी बाहेरचा मिळेल. आगाऊपणा वाटला तर सोडून द्या.

दोन चाकं

आगाऊपणा नाही. ती पोहते, हे मला तुमचं वाचल्यावर आठवलं.

मैदानाचे फेरे

एकटा पालक, मुलगी आठ वर्षांची. मला वेळ देणारं कोणी नाही, त्यामुळे मी मुलीच्याच वेळेत धावतो. ती फुटबॉलच्या सरावाला असते तेव्हा त्याच मैदानाच्या कडेने फेरे. ती लहान होती तेव्हा जॉगिंग स्ट्रोलर होता. त्यात बाळ सहा-आठ महिन्यांचं होऊन मान नीट धरायला लागेपर्यंत धावू नका असं उत्पादकच सांगतात, ते पाळा. पुढचं चाक लॉक करा आणि दोरी मनगटाला बांधा.

फेऱ्यांचा कंटाळा येतो हे खरं. पण मुलीने त्यावर तोडगा काढलाय, मी तिच्या गोलपोस्टमागून जाताना ती ओरडून आकडा सांगते. फुटबॉलकडे लक्ष असतं त्यामुळे आकडा हमखास चुकतो. घड्याळ काय म्हणतं ते मी तिला सांगत नाही.

अर्धा लोखंडी

एक प्रश्न राहिला. टेपरचं काय करता? रेसआधीच्या दोन आठवड्यांत अंतर जवळपास निम्म्यावर आणायचं, वेग थोडा राखायचा, हे ठीक. पण एकदम मोकळे झालेले तास घरच्यांना द्यावेत म्हटलं, तर मला गुडघ्यात नसलेल्या कळा यायला लागतात आणि सगळे माझ्यापासून लांब पळतात.

न धावणारी

टेपरमधला माणूस घरात ठेवू नये. आमच्याकडे त्या दोन आठवड्यांत माळा आवरणं, मुलांची जुनी पुस्तकं, गॅसच्या नळीची तपासणी अशी यादी मी आधीच करून ठेवते. जड उचलायचं काही नाही, शिडी माझ्याकडे, खाली उभं राहून वस्तू घ्यायचं काम त्याचं.