शब्दचर्चा : हिब्रू ‘गेर’ – परदेशीय, परका की उपरी?

प्रश्न : मराठी बायबलमध्ये परदेशीय, परका, उपरी हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. मूळ हिब्रूतही तसेच आहे का? लेवीय १९:३४ मध्ये ज्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगितले आहे, तो नेमका कोण?

उत्तर : मूळ हिब्रूत हे शब्द वेगळे आहेत. ‘नोख्री’ म्हणजे ज्याचे गणगोत आणि निष्ठा दुसरीकडे आहेत असा परमुलखातला माणूस. ‘गेर’ म्हणजे आपले गाव सोडून इस्राएलात येऊन राहिलेला, पण जमिनीत वारसाहक्क नसलेला रहिवासी. लेवीय १९:३४ मध्ये ‘गेर’ आहे. दोघांतला भेद बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात (१४:२१) थेट व्यवहारात दिसतो. आपोआप मेलेल्या जनावराचे मांस इस्राएली माणसाने खाऊ नये. ते वेशीच्या आतल्या गेराला द्यावे किंवा नोख्रीला विकावे. एकाला दान आणि दुसऱ्याशी सौदा, यावरून गेराचा भार गावावर होता हे स्पष्ट होते. शेतात विसरलेली पेंढीसुद्धा गेर, अनाथ आणि विधवा यांच्यासाठीच सोडायची होती (अनुवाद २४:१९).

म्हणून मला ‘उपरी’ हाच शब्द सर्वांत जवळचा वाटतो. मराठेशाहीतील गावात मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे, तर उपरी बाहेरून येऊन मिराशीच्या हक्काविना जमीन कसत असे. गेर पुष्कळदा मजूर असे, त्यामुळे साम्य तंतोतंत नाही. परंतु राहणे आहे आणि मिरास नाही, ही स्थिती तीच. लेवीय २५:२३ मध्ये तर देव सगळ्या इस्राएलालाच सांगतो की जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ गेर म्हणून राहता. प्रतिज्ञात देशातसुद्धा मिरासदार एकटा देवच, हे या वचनाचे सामर्थ्य ‘परदेशीय’ या शब्दात हरवते.

पूरक प्रश्न : मग इफिसकरांस २:१९ मध्ये ‘तुम्ही आता परके नाही’ असे आणि १ पेत्र २:११ मध्ये नेमके उलट कसे म्हटले आहे?

उत्तर : दोन्हीकडे ‘पारोइकोस’, म्हणजे परका रहिवासी, हा ग्रीक शब्द आहे. पत्नी सारा हिच्या दफनासाठी हेब्रोनात जागा मागताना अब्राहाम स्वतःला गेर म्हणवतो (उत्पत्ती २३:४), तिथेही जुन्या ग्रीक भाषांतराने हाच शब्द योजला. इफिसकरांस लिहिलेले पत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना सांगते की देवाच्या घरात तुम्ही घरचेच आहात. पेत्राचे पत्र सांगते की भोवतालच्या समाजात तुम्ही अब्राहामासारखे उपरी राहाल. घर कोणाचे, हे पाहिले की विरोध उरत नाही. ‘पॅरिश’ हा शब्दही याच ग्रीक शब्दाच्या कुळातला आहे, म्हणजे स्थानिक मंडळीचे नावच उपऱ्यांच्या वस्तीवरून पडले.

मात्र ‘आपण सारे स्वर्गाचे प्रवासी’ एवढाच आध्यात्मिक अर्थ घेऊन थांबणे मला मान्य नाही, कारण तसे केल्याने वेशीतला खराखुरा मजूर नजरेआड होतो. शिवाय मिसरातल्या (इजिप्तमधल्या) परकेपणाची इस्राएलाची आठवण इस्राएलाकडून काढून घेण्याचा अधिकार ख्रिस्ती वाचकाला नाही. मवाब देशातून इस्राएलात आलेल्या रूथप्रमाणे तो त्या घरात बाहेरूनच आलेला आहे. शेताचा मालक बवाज याच्यासमोर रूथ स्वतःला गेरसुद्धा म्हणवत नाही, ‘नोख्रिया’ (नोख्री स्त्री) म्हणवते (रूथ २:१०), आणि मत्तय १:५ मध्ये तिचेच नाव येशूच्या वंशावळीत आहे. निर्गम २३:९ मध्ये आज्ञेचे कारण दिले आहे ते असे : गेराचा जीव कसा असतो हे तुम्ही जाणता, कारण मिसरात तुम्ही गेर होता. तिथे ‘परदेशीय’ ऐवजी ‘उपरी’ वाचून पाहावे.