बॉडी भरायची, पोट उतरवायचं आणि पळायचं पण आहे – मदत हवी आहे

शापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. सरळ विचारतो. मला तीन गोष्टी करायच्या आहेत. छाती-दंड थोडे भरायचेत, पोट उतरवायचंय आणि दम वाढवायचाय. जिम लावलीय. तिथला ट्रेनर म्हणतो पळू नको, मसल जळतील. पळणारा मित्र म्हणतो जिम सोड, पाय जड होतात. यूट्यूबवर एकेक जण एकेक सांगतोय. सध्या सकाळी पळतो, संध्याकाळी जिम, रात्रीचा भात बंद केलाय. वजन काटा हलत नाही आणि वर नडगी दुखायला लागलीय. तीन महिन्यांत व्हायला पाहिजे. कोणी नीट शेड्यूल देईल काय? ज्ञान नको, शेड्यूल द्या.

तालमीतला_गडी
मशीनवर लटकून कुणी पैलवान झालाय काय रे बाळ? आमच्या वेळी पहाटे उठून आधी माती खणायची, मग जोर, मग बैठका. दमही वाढायचा आणि अंगही भरायचं, वेगळं पळायला लागत नव्हतं. वरनं बदाम-खसखस घोटून थंडाई, म्हशीचं दूध आणि तूप. पोट आपोआप आत जातंय. जिमची फी वाचव आणि दूध लाव.

रनर_टिळकवाडी
वय? उंची? वजन? रोज किती पळतोस, कुठे, किती वेगात? जिमला काय करतोस? तीन महिन्यांनी काय आहे? यातलं काहीच लिहिलं नाहीस आणि शेड्यूल मागतोयस.

सीमावासी_८६५
तीन महिने म्हणजे भरतीच असणार. अग्निवीरला १.६ किमी साडेपाच मिनिटांत मारलास तर पूर्ण ६० मार्क. १० पुल-अपला ४०. बॉडीचं डोक्यातनं काढ, हलका हो आणि पुल-अप मार. आणि महाराष्ट्र पोलीसचा फॉर्म पण भर. कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या पोरांना तिकडे चालतंय, १५ वर्षं राहिल्याचा दाखला लागतो.

लोखंडप्रेमी
ट्रेनर बरोबर सांगतोय भावा. कार्डिओ आणि वेट एकत्र केलं की ताकद वाढत नाही, हे १९८० साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकानं प्रयोग करून दाखवलंय. आधी वर्षभर खाऊन मास म्हणजे अंगाचं वजन वाढव, मग कटिंग म्हणजे चरबी उतरव. पळणं विसर. व्हे प्रोटीन (दुधातल्या प्रोटीनची पावडर) घे आणि क्रिएटिन (ताकदीसाठीची पावडर) रोज ३ ते ५ ग्रॅम.

रनर_टिळकवाडी
@लोखंडप्रेमी हिक्सनचं नाव घेतलंस तर पूर्ण सांग की. त्या प्रयोगातली माणसं आठवड्यात पाच दिवस पायाचं वेट आणि सहा दिवस जोरदार सायकल-रनिंग अशी दोन्ही करत होती. तरीसुद्धा पहिले सातेक आठवडे ताकद वाढतच होती, नंतर ती थांबली. हा नवशिका आहे. आठवड्यात तीन दिवस वेट आणि तीन दिवस हळू पळणं केलं तर कसले मसल जळतायत? नवशिक्याचं आणि त्यातनं अंगावर चरबी असलेल्या माणसाचं मसल वाढणं आणि चरबी उतरणं सुरुवातीचे काही महिने एकदम होऊ शकतं. तुझ्या-माझ्यासारख्या जुन्यांना ते जमत नाही. आणि ज्याचं पोट आधीच सुटलंय त्याला वर्षभर मास वाढव म्हणतोस?

लोखंडप्रेमी
मी स्वतःच्या अनुभवावरनं सांगतोय. मॅरेथॉनवाल्यांचे दंड बघितलेत काय कधी?

शापूरचा_पोरगा
भरती नाही ओ. वय २९ झालं, भरतीचं वय कधीच गेलं. उंची १७१, वजन ८८. इथे बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळतो, जमेल तेवढं जोरात, दम संपला की थांबतो. जिमला सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदा, असं ट्रेनरनं लावून दिलंय. पायाचं करत नाही, पळतो म्हणून.

फिजिओ_खानापूर
नडगी नेमकी कुठे दुखते? आतल्या बाजूला लांब पट्ट्यात दुखतं की बोटानं दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येते? रात्री झोपेत दुखतं का? आणि बूट कोणते आहेत?

सीमावासी_८६५
भरती नाही तर मग तीन महिने कशाला? बरं, धाकटा भाऊ असेल तर त्याला सांग. आमच्या गावातल्या दोघांचा दाखला तहसीलमध्ये अडकला होता, तिथला क्लार्क म्हणतो...

मातीमोल
तुझं गाव त्या यादीत आहे काय पण? आमचं नदीच्या अल्याड, पाहुण्यांचं पल्याड, एकाला चालतं एकाला नाही.

सीमावासी_८६५
यादी नेटवर आहे, बघ की. नाव कन्नडमधल्या स्पेलिंगनं शोधू नको, जुन्या नावानं शोध.

संपादक
दाखला, यादी, क्लार्क यावर वेगळा धागा आहे. इथे व्यायामाचं बोला.

शापूरचा_पोरगा
@फिजिओ_खानापूर ताई, आतल्या बाजूला, घोट्याच्या वरपासनं वीतभर. पळायला सुरू केलं की दुखतं, गरम झालं की कमी होतं, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना परत. रात्री नाही दुखत. बूट म्हणजे कामावरचे सेफ्टी शूज नाहीत हो, साधे कॅनव्हासचे आहेत.

फिजिओ_खानापूर
सेफ्टी शूज म्हणजे? काम काय करता तुम्ही?

शापूरचा_पोरगा
उद्यमबागेत फौंड्रीत आहे. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग (ओतीव भाग) घासून साफ करायला. दिवसभर उभं राहून ग्राइंडर मारायचा आणि कास्टिंग उचलून ट्रॉलीत टाकायचं. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, फस्ट, सेकंड, नाईट. नाईटला सकाळी सुटलो की तसाच डेपोवर जातो पळायला, मग घरी येऊन झोपतो. घरात लहान मूल आहे, चार-पाच तास झोप होते. पण याचा आणि शेड्यूलचा काय संबंध?

रनर_टिळकवाडी
अरे देवा.

फिजिओ_खानापूर
सगळा संबंध आहे. आठ तास उभं राहून वजन उचललेल्या पायांवर, रात्रभर जागून, कॅनव्हासच्या बुटात रोज जोरात पळताय. नडगी दुखणारच. तुमचं वर्णन नडगीच्या हाडाला लागून असलेल्या भागावर ताण आल्याचं वाटतं, फ्रॅक्चरचं नाही. पण एकाच टोकाला दाबून कळ यायला लागली किंवा बसल्या-झोपल्या दुखायला लागलं तर पळणं बंद करून दाखवून घ्या, हाडाला बारीक तडा असू शकतो. सध्या दोन आठवडे पळण्याऐवजी भराभर चाला किंवा सायकल मारा. पोटरीचा व्यायाम सुरू करा. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच वर-खाली, सावकाश. दुखलं नाही तर एका पायावर.

तालमीतला_गडी
बैठका मारल्या असत्या तर नडगी दुखली नसती. आणि झोप नसली तर अंग धरत नाही हे मात्र खरं. आमचे वस्ताद दुपारी जबरदस्तीनं झोपवायचे. खुराक तर सांगितलाच नाहीस पोरा. गोकाकचा करदंट माहीत आहे ना? डिंक, खोबरं, सुकामेवा. पळायच्या आधी एक वडी टाकायची तोंडात.

लोखंडप्रेमी
करदंटात गूळ किती असतो माहीत आहे काय काका? त्यापेक्षा ओट्स खा.

शापूरचा_पोरगा
काका, करदंट नको ओ. शुगर बॉर्डरवर आहे म्हणालेत. कंपनीच्या मेडिकलमध्ये शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.१ टक्के आली. वडिलांना आहेच. डॉक्टर म्हणाले गोळी नको आत्ता, वजन उतरवून तीन महिन्यांनी परत रक्त तपासू. आणि त्याच सुमारास शिफ्टमधल्या चौघांनी १० किमीच्या रनला नाव दिलंय, त्यात माझं पण टाकलंय.

रनर_टिळकवाडी
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस की गा! आम्ही इथे हिक्सनवरनं भांडूलोय.

तालमीतला_गडी
मग थंडाईत साखर घालू नको.

मातीमोल
काका, साखर न घालता पण म्हशीचं दूध, तूप, बदाम म्हणजे किती होतंय ते? तुम्ही आखाड्यात चार तास घालवत होता, हा झोपेविना ग्राइंडर मारतोय.

फिजिओ_खानापूर
तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलंय ते योग्यच आहे. ती तपासणी तांबड्या पेशींवर चिकटलेल्या साखरेची असते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून आठ दिवसांत त्यात काही दिसत नाही. ५.७ ते ६.४ ही बॉर्डर, ६.५ पासून मधुमेह धरतात. म्हणजे तुमच्या तीन गोष्टींत क्रम आता ठरला. पहिलं कमरेचा घेर. दुसरं ताकद, कारण खाल्लेली साखर सगळ्यात जास्त स्नायूच खेचून घेतात, ते टिकलेच पाहिजेत. १० किमी तिसरं. पूर्ण केलं तरी बास, वेळ बघायची नाही. मधेमधे चाललात तरी चालेल. बेंबीपाशी टेप लावून किती येतं?

शापूरचा_पोरगा
१०३ सेंमी. पँट ३६ ची घालतो, बेल्ट पोटाखाली.

फिजिओ_खानापूर
आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या आत असावं म्हणतात. आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी टेप लावा. काट्यावर रोज चढू नका, नवीन व्यायामानं स्नायूंत पाणी धरतं, काटा काही दिवस खोटंच बोलतो.

रनर_टिळकवाडी
आता शेड्यूल घे, ओरडत होतास ना.

वेट तीन दिवस, तेही छाती-पाठ असं तुकडे पाडून नको. प्रत्येक वेळी सगळं अंग. एक बैठकीचा प्रकार, एक वाकून उचलायचा, एक ढकलायचा, एक ओढायचा, शेवटी पोटाचा प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ ताणून धरायचं). प्रत्येकी तीन सेट, एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा, अजून दोन-तीन निघाले असते असं वाटेल तिथे थांबायचं. पाऊण तासात बाहेर. वजन हळूहळू वाढवत ने. कामावर कास्टिंग उचलतोस त्याला व्यायाम धरू नको, त्यानं दमतोस फक्त.

नडगी बरी झाल्यावर पळणं तीन दिवस. पाच मिनिटं पळ, दोन मिनिटं चाल, असं अर्धा तास. पळताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आलं नाही तर जोरात जातोयस. रविवारचं थोडं लांब कर, दर आठवड्याला जरासं. डेपोवरच पळ, मातीवर. राजहंसगडाच्या चढाला पोरं नेतील, आत्ता जाऊ नको. उताराला नडगी परत बोलेल.

एकाच दिवशी दोन्ही आलं तर वेट आधी, किंवा मध्ये पाच-सहा तास सोड.

लोखंडप्रेमी
यात प्रोटीन कुठाय? त्याशिवाय सगळं फुकट.

रनर_टिळकवाडी
ते मात्र तुझं बरोबर. तूच सांग.

लोखंडप्रेमी
साध्या माणसाला सरकारी हिशेबानं किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं. वेट मारून चरबी उतरवायची तर १.६ धर. ८८ ला नको, उतरून जे वजन पाहिजे त्याला लाव. ७५ धरलं तर १२० ग्रॅम. आता काय खातोस ते लिही, खरं लिही.

शापूरचा_पोरगा
सकाळी उप्पीट नाहीतर इडली, चहा दोन. कँटीनला भात-आमटी, भाजी, दोन चपात्या. संध्याकाळी चहा-भजी (मिरची). रात्री दोन भाकऱ्या आणि भाजी, भात बंद. बुधवार-रविवार चिकन. सोमवार-शनिवार वार पाळतो, अंडंपण नाही. व्हे घ्यायला जमणार नाही, बजेट नाही.

लोखंडप्रेमी
याच्यात ५० पण होत नाही भावा, मग काय भरणार दंड? व्हे राहू दे. चार अंडी २४. अर्धा लिटर दूध किंवा दही १६. सोयाचे गोळे कोरडे ५० ग्रॅम, त्यात २६. दोन वाट्या घट्ट डाळ-उसळ १५. भाजलेले चणे ५० ग्रॅम, १०. भाकरी-भाताचं वेगळं १५ धर. शंभरच्या वर गेलास, चिकनच्या दिवशी पूर्ण होतंय. आणि भजी बंद, चहात साखर बंद. भात बंद करायची गरज नाही, एक वाटी खा, आधी उसळ संपव.

फिजिओ_खानापूर
जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, कँटीनमधून शॉपपर्यंत लांबच्या रस्त्यानं गेलात तरी चालेल. जेवणानंतरची साखर त्यानं कमी चढते. आणि झोप. २०१० चा एक छोटा अभ्यास आहे, तेच मोजून-मापून जेवण देऊन लोकांना एकदा साडेआठ तास, एकदा साडेपाच तास झोपायची वेळ दिली. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी गेली आणि स्नायू जास्त गेले. तुमचा काटा, दंड आणि शुगर, तिन्हीचं दुखणं तिथे आहे. नाईटच्या आठवड्यात पळणं नकोच. सुटलात की घरी, खोली अंधारी करून झोप, उठून संध्याकाळी ड्युटीआधी दोनच दिवस वेट. बास. घरी बोलून बघा, मुलाला त्या आठवड्यात सकाळी आई-वडिलांकडे ठेवता येतं का.

शापूरचा_पोरगा
नाईटला पूर्ण आठवडा पळायचं नाही? १० किमी कसं होणार मग?

रनर_टिळकवाडी
तीनातले दोन आठवडे पळतोयस की. होतंय. साप्ताहिक सुट्टीला लांबचं मार.

सीमावासी_८६५
कोणता रन आहे हा? फी किती? टी-शर्ट देतात काय?

शापूरचा_पोरगा
सोयाचे गोळे मागे खाल्लेले, रात्रभर गॅस. वाराच्या दिवशी काय करू मग?

मातीमोल
२५ ग्रॅमनं सुरू कर. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दे, गार पाण्यात दोनदा पिळ, मग रश्शात टाक. वाराला सोया अर्धाच ठेव, बाकी दही, पनीर आणि मोडाची मटकी. रात्री उशिरा नको, दुपारच्या डब्यात ने.