यादीतून ‘वगळणे’, ‘हटवणे’ की ‘नाव कमी करणे’?

भाषांतरकार: सुदानवरील एका लेखाच्या भाषांतरात मी अडलो आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९९३ साली सुदानचे नाव दहशतवादाच्या पुरस्कर्त्या देशांच्या यादीत घातले आणि १४ डिसेंबर २०२० रोजी ते काढले. मी ‘सुदानला यादीतून वगळले’ असे लिहिले होते, संपादकांनी ते ‘हटवले’ असे केले. अतिक्रमण हटवतात, नाव नव्हे, असे मला वाटते. आपले मत काय?

शब्दवेडी: ‘वगळणे’च योग्य आहे. मतदार यादीतून नाव वगळण्यासाठीच अर्ज करतात. यादीच्या संदर्भातले ‘हटवणे’ सरळ हिंदीतून आलेले असून वृत्तवाहिन्यांनी ते रुजवले आहे.

महसूलकर: शिधापत्रिकेतून मात्र नाव ‘कमी’ करतात. मी तर म्हणेन की सातबाऱ्यावरचा बोजा उतरवण्यासारखाच हा प्रकार आहे, कारण कर्ज फिटल्याचा दाखला आल्याशिवाय बोजा उतरत नाही आणि सुदानलाही १९९८ मधील नैरोबी व दार-ए-सलाम येथील वकिलातींवरील हल्ल्यांसह इतर हल्ल्यांतील पीडितांसाठी ३३.५ कोटी डॉलर भरावे लागले. ‘वगळले’ म्हटले की हा व्यवहार दिसतच नाही.

चिकित्सक: क्रियापदाचा काळही जपायला हवा. १४ जानेवारी २०२५ रोजी बायडेन यांनी क्यूबाचे नाव काढण्याचा निर्णय संसदेला कळवला, तेव्हा ‘क्यूबाला वगळले’ असे मी मराठीत वाचले. वास्तविक ४५ दिवसांची मुदत पुरी व्हायची होती आणि सहाव्याच दिवशी ट्रम्प यांनी तो निर्णय फिरवला. तिथे ‘वगळण्याचे ठरवले’ असेच हवे होते.

शब्दवेडी: मान्य आहे. पण मला त्याहून खटकतो तो ‘पुरस्कर्ता’. आगरकर समाजसुधारणेचे पुरस्कर्ते होते, म्हणजे त्यांनी तो विचार उघडपणे मांडला आणि त्यासाठी हालअपेष्टा सोसल्या. चोरून पैसा आणि शस्त्रे पुरवणाऱ्या राजवटीला तोच शब्द कसा लावायचा? ‘पाठीराखा’ हा चांगला मराठी शब्द आपल्याकडे आहे.

भाषांतरकार: ‘प्रायोजक’ चालेल का? त्यात पैसा पुरवण्याचा अर्थ स्पष्ट आहे.

शब्दवेडी: मुळीच नाही. प्रायोजक स्वतःचे नाव फलकावर झळकावतो आणि हे देश तर आरोप नाकारत असतात.

महसूलकर: ‘पाकपुरस्कृत दहशतवाद’ वर्तमानपत्रांत इतका रूढ आहे की आता ‘पुरस्कर्ता’ बदलणे कुणाच्याही हाती उरलेले नाही. रूढीपुढे व्युत्पत्तीचे काही चालत नाही.

शब्दवेडी: रूढी आपल्याच लिहिण्यातून घडते. मी ‘पाठीराखा’च लिहीन.