दुपट्याचे हरवलेले सात सूत

ए-२०४: ग्रुपवर शिवणकाम जमणारं कोणी आहे का? बहिणीच्या बाळासाठी दुपटं करतेय, दोन रंगांचे त्रिकोण जोडून चौकोन करतात ना तसलं. तयार ३ इंचाचे ६४ चौकोन हवेत, ८ बाय ८. काल रात्री १२ शिवले आणि बाराच्या बारा वेगळ्या मापाचे 😭 एकाचा तर पतंग झालाय

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठीच वापरावा. उद्या टाकी सफाई, १० ते १ पाणी बंद.

सी-१०३ आजी: टाकी उद्या आहे ना मग आज बोलू दे की तिला. बाळा तू त्रिकोण आधी कापलेस आणि मग शिवलेस का

ए-२०४: हो आजी, पुठ्ठ्याचा त्रिकोण ठेवून कापले

सी-१०३ आजी: तिथंच फसलं. त्रिकोणाची तिरकी बाजू म्हणजे उरेब. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी का लावतो ती ताणली जाते म्हणून वळते. तुझा त्रिकोण मशीनखाली तसाच ताणला गेला

बी-५०१: आजी बरोब्बर. त्रिकोण कापूच नकोस गं. दोन रंगांचे ४-४ इंचाचे चौकोन घे, सुलट बाजू आत, वरच्याच्या उलट बाजूवर कोपरा ते कोपरा पेन्सिलीने रेघ मार, रेघेच्या दोन्ही अंगांनी दोन-दोन सुतांवर टीप आणि मग रेघेवर कापायचं, एकदम दोन चौकोन मिळतात आणि उरेब सुटा होईपर्यंत शिवून पक्का झालेला असतो

ए-२०४: दोन सूत म्हणजे?

ए-७०२ काका: पाव इंच. इंचाचे आठ सूत. कुठल्याही सुताराला विचार.

ए-७०२ काका: आणि हिशेबाने ४ नाही, ३ इंच ७ सूत लागतात. दोन बाजूंच्या शिवणीचं पाव-पाव म्हणजे अर्धा इंच, तिरक्या शिवणीचं पाव गुणिले १.४१४ म्हणजे ०.३५, बेरीज ०.८५. सात सूत म्हणजे ०.८७५, केसभर जास्तच.

बी-५०१: काका हिशेब मान्य, पण मी तरी ४ च घेते, मोठा शिवायचा आणि नंतर साडेतीनवर कापायचा. जुन्या एक्सरे फिल्मचा साडेतीन इंची चौकोन काप, त्यावर मार्करने तिरकी रेघ मार, ती रेघ शिवणीवर बसव आणि बाहेरचं सगळं उडव. फिल्ममधून खालचं दिसतं ना

ए-२०४: म्हणजे ३२ जोड्या?? 🥲

बी-५०१: घाई असेल तर ८ इंचाचे दोन मोठे चौकोन घे, दोन्ही तिरक्या रेघा, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंनी टीप, मग मधोमध उभं आडवं आणि दोन्ही रेघांवर काप, एका जोडीत ८ निघतात. पण व्हिडिओत ती चारी कडा शिवून चार तुकडे करायची पद्धत दाखवतात ना तिच्या नादी लागू नकोस, तिच्यात बाहेरच्या चारही कडा उरेब येतात

सी-१०३ आजी: कापड आधी धुवून घे लाल रंग जातो. आणि कापायच्या आधी खळ दे कडक

बी-५०१: हो आणि इस्त्री घासू नकोस, ठेव-उचल ठेव-उचल. शिवण गडद रंगाकडे पाडायची

(दुसऱ्या दिवशी)

ए-२०४: ताई चौकोन मस्त जमले!! सगळे साडेतीन. पण आठांची पहिली ओळ जोडली तर २३ इंच ५ सूत भरतेय, साडेचोवीस यायला हवी ना, ८ गुणिले ३ आणि दोन टोकांचं पाव-पाव? (सूत शिकले काका 😄)

ए-७०२ काका: ७ सूत कमी. आठ चौकोनांत शिवणी सात. प्रत्येक शिवण एक सूत जास्त खातेय, म्हणजे प्रत्येक बाजूने अर्धा सूत.

बी-५०१: मशीनच्या फुटाच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, कडेने शिवतेस का?

ए-२०४: हो, मला वाटलं तोच पाव इंच

बी-५०१: बऱ्याच मशीनचा नसतो गं. कापडाच्या दीड इंची तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडून बघ, इस्त्रीनंतर मधली बरोबर १ इंच दिसायला हवी

ए-२०४: मधली सात सूत 😶

बी-५०१: मग सापडला चोर. फुटाखाली मोजपट्टी ठेव, चाक हाताने फिरवून सुई पाव इंचाच्या खुणेवर टेकव, मोजपट्टीच्या कडेला लागून मशीनवर जाड टेप चिकटव आणि कापड टेपला घासत ने. पाव इंचाहून धागाभर कमीच घे, शिवण वळते तिथे कापडाची जाडी पण जागा खाते

ए-२०४: म्हणजे ही ओळ सगळी उसवायची?

सी-१०३ आजी: सातच शिवणी आहेत. खाली घेऊन ये मी उसवते तोवर तू टेप लाव

ए-२०४: आलेच आजी, चहा टाका

सी-१०३ आजी: चहा १ नंतर. पाणी कुठंय

सेक्रेटरी: 🙏