पेशी एकत्र राहू लागल्या, हे सोपं होतं की अवघड?

फोंडेकर सर: अकरावीतल्या एका पोराने विचारलं, "एकट्या पेशीचं बरं चाललं होतं, मग ती दुसरीला धरून राहिली कशाला?" माझ्या मते हे पाऊल आपण समजतो तेवढं अवघड नव्हतं. विल्यम रॅटक्लिफ आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग घ्या. साधं यीस्ट, आपल्या माडाच्या सुरातही (ताडीतही) सापडतं त्याच जातीचं. नळीत जे लवकर तळाला बसेल तेवढंच रोज पुढच्या नळीत घालायचं. दोन महिन्यांत बर्फाच्या चांदण्यांसारखे झुपके तयार! परक्या पेशी येऊन चिकटल्या नव्हत्या, आईपासून लेक सुटलीच नव्हती. पुढे कळलं की एसीई2 हे एकच जनुक निकामी झालं तरी एवढं घडतं. निसर्गातही बहुपेशीय जीव वेगवेगळ्या वंशांत किमान 25 वेळा स्वतंत्रपणे घडले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

डिचोलीकर: सर, झुपका म्हणजे देह नव्हे. आमच्या तळ्याचं हिरवट पाणी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. व्हॉल्व्हॉक्स या शेवाळाचे पोकळ हिरवे गोळे सावकाश गरगरत होते, पोटात पिल्लं. त्याच्या एका जातीत बाहेरच्या सुमारे 2000 पेशी फक्त पोहतात, वंश वाढवतात त्या आतल्या सोळाएक. पिल्लं बाहेर पडली की बाहेरच्या मरतात. हा त्याग कुठून आला, ते सांगा. एकत्र राहणं सोपं, दुसऱ्यासाठी वांझ राहणं अवघड. पृथ्वीवर जीव निदान 350 कोटी वर्षांपासून आहेत, प्राणी मात्र गेल्या 60-70 कोटींतले. सोपं असतं तर एवढा वेळ लागला असता?

पेडण्याची मुलगी: काका, उत्तर सरांच्या यीस्टमध्येच आहे. सगळा गोळा एकाच पेशीपासून वाढला तर सगळ्या सख्ख्या, जनुकं तीच. मग बाहेरची मेली तरी तिचा वंश आतलीतून चालतोच. डिक्टिओस्टेलियममध्ये, म्हणजे मातीतल्या अमीबांत, उलट आहे. भूक लागली की इकडून तिकडून गोळा होतात, साधारण पाचवा हिस्सा देठ बनून मरतो, बाकीचे वर बीजाणू होऊन वंश पुढे नेतात. म्हणून तिथे देठात न जाता बीजाणूंत घुसणारे लबाड सापडतात. आणि "कशाला?" याचं उत्तर, खाल्लं जाऊ नये म्हणून! 2019 च्या एका प्रयोगात एकपेशीय शेवाळात त्याला खाणारा पॅरामेशियम सोडला. पाचपैकी दोन वसाहतींत 750 पिढ्यांच्या आत शेवाळ गटाने राहू लागलं.

डिचोलीकर: सख्ख्यांचा मुद्दा पटला, बाय. पण पाचपैकी तीन वसाहतींत नाही झालं, तेही सांग. आणि सख्ख्यासुद्धा फितूर होतात. माझ्या आईला कर्करोग झाला तेव्हा मी ते घरात पाहिलं. तिच्याच पेशी, एकाच पेशीतून वाढलेल्या, आणि देहाचं न ऐकता वाढत सुटलेल्या. हा करार प्रत्येक देहाला जन्मभर सांभाळावा लागतो. म्हणून मी त्याला सोपं म्हणणार नाही.

फोंडेकर सर: मान्य. चिकटणं सोपं, सांभाळणं अवघड, असं त्या पोराला सांगतो. काका, तुमच्या तळ्याचं बाटलीभर पाणी मिळेल? सोमवारी त्याचं प्रॅक्टिकल आहे.