इंग्रजांचं 'डक', 'लव्ह', 'पेट' : माया की तोंडाची सवय?

गवतीचहा
आई गेल्या महिन्यात नॉटिंगहॅमला माझ्याकडे आली होती. पहिल्याच दिवशी भाजीवालीने सुट्टे पैसे तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "देअर यू गो, मी डक." बाहेर आल्यावर आई विचारते, "अगं, ती 'मी डक' म्हणाली. म्हणजे ती बदक?" मी खूप हसले. 'मी' म्हणजे इथल्या बोलीत 'माय', हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग बदक मी! हे तर आणखी वाईट."

नॉटिंगहॅम, डर्बी, स्टोककडे 'डक', न्यूकॅसलला 'पेट', यॉर्कशरमध्ये 'लव्ह'. ग्लासगोत बायकांना 'हेन', म्हणजे चक्क कोंबडी. ब्रिस्टलकडे तर 'माय लव्हर' ऐकून नवा माणूस दचकतोच. माझं मत स्पष्ट आहे: यात माया शून्य. 'पिल्लू', 'छकुली' आपण उंबऱ्याच्या आतल्या माणसाला म्हणतो. जे अख्ख्या गावाला वाटायचं, त्याला लाड कसे म्हणायचे?

तिरकीमान
रिक्षावाला तुम्हाला 'ताई' म्हणतो, ते तुम्ही त्याला राखी बांधता म्हणून का? काका, मावशी, दादा आपण रस्त्यावर उधळतोच की. इंग्रजीत अनोळखी माणसाला नात्याने हाक मारायची फारशी पद्धत नाही. म्हणून त्यांनी कोंबड्या-बदकं पुढे केली, एवढंच. तुमची भाजीवाली 'ताई'च म्हणाली.

गवतीचहा
'ताई'त वयाचा मान आहे. 'डक' नातवालाही आणि आजीलाही. हिशेब जुळत नाही.

खारेदाणे
भाजीवालीचं सोडा हो, तिच्याकडून काही बिघडत नाही. मी इथे एका रुग्णालयात डॉक्टर आहे. आमच्या मीटिंगमध्ये एक वरिष्ठ शेजारच्या पुरुषाला 'डॉक्टर' म्हणतात आणि लगेच माझ्याकडे वळून, "अँड यू, डार्लिंग?" दोघांची पदवी एक, अनुभव माझा दोन वर्षांनी जास्त. पहिल्यांदा वाटलं, म्हातारा प्रेमळ आहे. तिसऱ्यांदा तसं वाटेनासं झालं. 2011 साली पार्लमेंटात पंतप्रधान कॅमेरन यांनी अँजेला ईगल या खासदारबाईंना "काम डाउन, डिअर", म्हणजे 'शांत हो गं', असं सुनावलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! ते एका जाहिरातीतलं वाक्य होतं म्हणे, पण म्हणून काय झालं?

सरळसोट
'डार्लिंग'ची फोड करून बघा. जुन्या इंग्रजीत 'डिअर'ला 'लिंग' हा प्रत्यय लागून तो शब्द झाला. तोच प्रत्यय 'डकलिंग'मध्ये, म्हणजे बदकाच्या पिल्लात, आणि तोच 'अंडरलिंग'मध्ये, म्हणजे हाताखालच्या माणसात. लहान करणं हेही त्याचं एक काम. मांडीवर घ्यायलाही लहान करतात आणि दाबायलाही. आपला '-या' काय वेगळा आहे? बालमित्राने मारलेली 'पक्या' ही हाक आणि साहेबाने केबिनमधून मारलेली 'पक्या' ही हाक. प्रकाश तोच, पण दुसऱ्या हाकेला त्याच्या कपाळाची शीर उठते.

भाकरतुकडा
क्रिकेट आणल्याशिवाय मला राहवत नाही, माफी असावी. काड्यांसारख्या पायांवरून मॅकग्राचा 'पिजन' झाला, आपल्याकडे तेंडुलकरचा 'तेंडल्या'. कुणाचं काही गेलं नाही. पण यॉर्कशर क्लबात चेतेश्वर पुजाराला 'स्टीव्ह' म्हणायचे. म्हणे प्रेमाने! 2021 मध्ये त्याच क्लबातल्या अझीम रफिक या खेळाडूने केलेल्या वर्णद्वेषाच्या आरोपांचं प्रकरण पेटलं, तेव्हा असं म्हणणाऱ्या एका सहकाऱ्याने जाहीर माफी मागितली. चेतेश्वर उच्चारायला जड जातं? 'चेतू' म्हणा की, तुम्हीच ना नावं कापण्यात पटाईत!

तिरकीमान
कापतात, पण स्वतःच्या लोकांचीही. रॉबर्टचा बॉब, रिचर्डचा डिक. मार्गारेटची मेग आणि मेगची पेगी! पेगीत मार्गारेट सापडते का सांगा. मग एकट्या 'स्टीव्ह'वर राग का?

भाकरतुकडा
मेगवरून पेगी होते, म्हणजे नावाची वाट तरी दिसते. चेतेश्वरवरून स्टीव्हपर्यंत कुठल्या वाटेने जाता? शिवाय मार्गारेटच्या घरचेच तिला पेगी म्हणत आले. पुजाराच्या राजकोटच्या घरी कुणी 'स्टीव्ह, जेवायला ये' म्हणत असेल का?

तिरकीमान
बरं, स्टीव्ह तुमचा. 'डक' मात्र मी सोडणार नाही.

गवतीचहा
मलाही अर्धी माघार घ्यावी लागतेय, आणि तीही आईमुळे. जायच्या आदल्या दिवशी ती एकटीच कोथिंबीर आणायला गेली. परत आली ती जरा हिरमुसलेली. विचारलं तर म्हणाली, "आज ती नव्हती, कुणीतरी पोरगा होता. नुसतं 'थँक यू' म्हणाला. बदक नाही, काही नाही."

खारेदाणे
आईंना नमस्कार सांगा. पण माझ्या मीटिंगमधल्या 'डार्लिंग'चं काय करायचं, ते कुणीच सांगितलं नाही. परवा सोमवार आहे.